मोठी गाडी हळू चालवायला शिकताना

बारा वर्षं स्प्लेंडर चालवलेला माणूस नवी कोरी हिमालयन घेऊन शोरूमबाहेर पडतो, तेव्हा पहिली चूक त्याचा डावा पाय करतो. स्प्लेंडरचे चारही गिअर चवडा पुढे दाबून पडतात. कमी करायचा असेल तर टाच मागे दाबायची. मोठ्या गाड्यांचा क्रम वेगळा असतो: पहिला खाली, मग न्यूट्रल, आणि दुसऱ्यापासून सहाव्यापर्यंत सगळे चवड्याने वर उचलायचे. इंदूरच्या एबी रोडवर गाडी तिसऱ्यात, साठच्या वेगाने चालली आहे. आता चौथा हवा. बारा वर्षांच्या सवयीने चवडा खाली दबतो आणि पडतो दुसरा. इंजिन एकदम ओरडतं, मागचं चाक कुणी धरून ओढल्यासारखं होतं, आणि चालवणाऱ्याला क्षणभर कळत नाही की झालं काय.

नव्या हिमालयनमध्ये स्लिप-असिस्ट क्लच असल्याने हा झटका बराचसा शोषला जातो. पण मुद्दा झटक्याचा नाही. डोक्याला नवी गाडी कळलेली असते, पायाला अजून जुनीच आठवत असते.

आपल्याकडच्या जुन्या चालकांना हे नवीन नाही. म्हैसूरच्या कारखान्यात बनलेल्या जावा-येझदीत किक मारायचा दांडाच आडवा करून गिअरचा दांडा व्हायचा. जुन्या बुलेटचा गिअर उजव्या पायाला होता आणि मागचा ब्रेक डाव्या. राजदूतवरून बुलेटवर आलेल्याने घाईत ब्रेक म्हणून दाबला तो गिअर. त्या पिढीतले कितीतरी जण नवी गाडी आल्यावर काही दिवस ती बंद ठेवून, स्टँडवर उभी करून, नुसतेच त्यावर बसून पायांना पाढे पाठ करून घेत. ही रीत आजही तितकीच उपयोगाची आहे. पंधरा मिनिटं बंद गाडीवर बसून, डोळे मिटून क्लच, गिअर, ब्रेक, इंडिकेटर, हॉर्न, इंजिन बंद करायचं बटण हाताला-पायाला सापडवायचं. खर्च शून्य.

आता थोडे आकडे. स्प्लेंडरचं इंजिन 97.2 सीसीचं, ताकद साधारण 8 पीएस, टॉर्क साधारण 8 न्यूटन-मीटर, वजन 112 किलोंच्या आसपास. नोव्हेंबर 2023 मध्ये आलेल्या हिमालयन 450 चं इंजिन 452 सीसीचं, ताकद 40 पीएस, टॉर्क 40 न्यूटन-मीटर, वजन 196 किलो. म्हणजे वजन पावणेदोन पट आणि ताकद पाच पट. या दोन गुणोत्तरांतली तफावत नीट पाहावी. वजन वाढलं की गाडी सुस्त होईल असं वाटतं, पण इथे उलटं घडतं. मनगट स्प्लेंडरच्या सवयीने जेवढं फिरतं तेवढंच फिरलं तरी गाडी आधी कधी अनुभवली नसेल अशा वेगाने पुढे झेपावते. आणि ज्या वजनाची भीती शोरूममध्ये वाटत होती ते चाळीसच्या वेगाला जणू नाहीसंच होतं. सिग्नल लाल झाला, पाय जमिनीवर टेकला, की परत येतं.

आपला कायदा या फरकाकडे बघत नाही. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात दुचाकीच्या परवान्याचे प्रकार गिअर नसलेली आणि गिअर असलेली असे आहेत. शंभर सीसीच्या गाडीवर आरटीओच्या मैदानात आठचा आकडा काढून दाखवलेला माणूस दुसऱ्या दिवशी हजार सीसीची गाडी रस्त्यावर आणू शकतो. युरोपात परवान्याच्या पायऱ्या आहेत: आधी 125 सीसीपर्यंत, मग 35 किलोवॉट ताकदीपर्यंत, आणि दोन वर्षांच्या अनुभवानंतर हवी ती गाडी. हिमालयन 450 चे 40 पीएस म्हणजे साडेएकोणतीस किलोवॉटच्या आसपास. तिकडे ती मधल्या पायरीवरची, शिकण्याच्या टप्प्यातली गाडी ठरते. आपल्याकडे ती अनेकांची पहिली मोठी गाडी असते, आणि मधली पायरी ज्याची त्याने स्वतः बांधायची असते.

ही पायरी का हवी, याचं सर्वांत भक्कम उत्तर अमेरिकेतल्या एका जुन्या अभ्यासात आहे. दक्षिण कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हॅरी हर्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लॉस एंजेलिस परिसरातल्या 900 मोटारसायकल अपघातांचा, प्रत्यक्ष घटनास्थळी जाऊन, अभ्यास केला. अहवाल 1981 मध्ये प्रसिद्ध झाला. अपघातात सापडलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक चालकांचा त्या विशिष्ट गाडीवरचा अनुभव पाच महिन्यांपेक्षा कमी होता, आणि रस्त्यावर गाडी चालवण्याचा एकूण अनुभव मात्र जवळपास तीन वर्षांचा. म्हणजे ही माणसं नवशिकी नव्हती, त्यांच्या हातातली गाडी नवी होती. दुसरा निष्कर्षही तितकाच बोलका: संकट समोर आल्यावर बहुतेकांनी मागचा ब्रेक प्रमाणाबाहेर दाबून चाक घसरवलं आणि पुढचा ब्रेक पुरेसा वापरलाच नाही. अभ्यासाला चाळीसहून अधिक वर्षं झाली, गाड्या बदलल्या. पण घाबरल्यावर माणूस जुन्या सवयीकडेच धावतो, हे काही बदललेलं नाही.

मग सुरुवात कुठून करायची? बहुतेक जण हायवेवरून करतात. गाडी लांबच्या प्रवासाची, म्हणून पहिल्याच रविवारी मांडू. खरं तर हायवे ही मोठ्या गाडीची सर्वांत सोपी जागा आहे. वेगात चाकं फिरत असतात, गाडी स्वतःला सरळ ठेवते. कसोटी लागते ती सराफ्याजवळच्या गल्लीत, पेट्रोल पंपाच्या रांगेत, सोसायटीच्या उतारावर, मागे सरकताना. मोठी गाडी पडते ती बहुधा उभी असताना किंवा उभी राहता राहता.

त्याचं साधं गणित मांडता येतं. गाडीचा गुरुत्वमध्य जमिनीपासून सुमारे 55 सेंटिमीटरवर आणि हँडल सुमारे एक मीटरवर धरू. 196 किलोंची गाडी 10 अंश कलली तर हँडलला धरून तिला थोपवायला 19 किलोंच्या आसपास जोर लागतो. धडधाकट माणूस तेवढा सहज लावतो. 20 अंशांना तोच जोर 37 किलोंवर जातो, 30 अंशांना 54 वर, तोही एका बाजूने, वाकड्या अंगाने लावायचा. स्प्लेंडरला मात्र 20 अंशांनाही वीस किलोंच्या आसपास जोरात सावरता येतं, म्हणून तिथे उशीर चालून जातो. मोठ्या गाडीवर पहिल्या काही अंशांतच काय ते करायचं. त्यात टाकी भरलेली असेल तर 17 लिटर पेट्रोलचे बारा-तेरा किलो अगदी वरच्या बाजूला बसलेले असतात. म्हणून सरावाचे पहिले दिवस अर्ध्या टाकीवर काढलेले बरे.

जपानमध्ये 400 सीसीच्या वरच्या गाडीसाठी वेगळा परवाना लागतो, आणि त्याच्या चाचणीत एक अरुंद पूल असतो: पंधरा मीटर लांब, तीस सेंटिमीटर रुंद, जमिनीपासून पाच सेंटिमीटर उंच. खाली न उतरता पार करायचा, आणि कमीत कमी दहा सेकंद लावायचे. भागाकार केला तर ताशी साडेपाच किलोमीटरही भरत नाहीत. झपझप चालणाऱ्या माणसाचा वेग. मोठी गाडी चालवता येते की नाही हे ठरवायला जपानी लोक वेग मोजतात तो असा, उलट्या बाजूने. तिथल्या ड्रायव्हिंग स्कूलमध्ये आडवी पडलेली गाडी एकट्याने उचलून दाखवायलाही शिकवतात.

हा पूल इंदुरात खडूने आखता येतो. सकाळी सहाला एखादं रिकामं मैदान गाठायचं, पंधरा मोठी पावलं मोजायची आणि एका फुटाच्या अंतराने दोन रेघा ओढायच्या. पहिला गिअर, हाफ क्लच, इंजिनाला थोडी स्थिर रेस, आणि उजव्या पायाने मागचा ब्रेक अलगद दाबून धरलेला. वेग क्लच आणि ब्रेकने ठरवायचा, रेस हलवायची नाही. पुढच्या ब्रेकला या वेगात हात लावायचा नाही: हँडल वळलेलं असताना पुढचा ब्रेक दाबला की गाडी आतल्या बाजूला कोसळते, आणि उभ्याने पडणाऱ्या मोठ्या गाड्यांचं हे नेहमीचं कारण आहे. नजर चाकापुढच्या रेघेवर न ठेवता मैदानाच्या टोकावर ठेवायची. पहिल्या दिवशी चार-पाच सेकंदांत रेघ ओलांडली जाईल. आठवडाभरात आठ सेकंद, पंधरा दिवसांत दहा. मग तोच आठचा आकडा, आधी मोठा, रोज थोडा लहान.

गाडी एकदा तरी पडेल हे गृहीत धरावं. पडली तर आधी इंजिन बंद करायचं. उजव्या अंगावर पडली असेल तर साइड स्टँड बाहेर काढून ठेवायचा आणि शक्य असेल तर गिअर टाकायचा, म्हणजे ती घरंगळणार नाही. मग हँडल पूर्ण वळवून गाडीकडे पाठ करायची, सीटला कंबर टेकवायची, एका हाताने हँडलचं टोक आणि दुसऱ्याने मागचा दांडा धरायचा आणि पाठ ताठ ठेवून मांड्यांच्या जोरावर लहान लहान पावलं मागे टाकायची. समोरून वाकून उचलायला गेलं की कंबर दुखावते. कमी वजनाची माणसंही या पद्धतीने दोनशे किलोंची गाडी उभी करतात. एकदा स्वतः करून पाहिलं की गाडीची निम्मी धास्ती जाते.

उंचीचा प्रश्नही इथेच येतो. हिमालयनची सीट 825 मिलिमीटरवर आहे, ती 845 पर्यंत वाढवता येते. साडेपाच फुटांच्या आतल्या माणसाला दोन्ही तळवे टेकवता येत नाहीत, आणि पुष्कळ जण, विशेषतः स्त्रिया, याच कारणाने ही गाडी आपली नाही असं ठरवून मोकळे होतात. पण दोन्ही पाय टेकलेच पाहिजेत असा नियम नाही. थांबता थांबता सीटवरून एका बाजूला थोडं सरकायचं, डावा पाय पूर्ण टेकवायचा, उजवा मागच्या ब्रेकवर ठेवायचा. 2011 मध्ये पुण्यात सुरू झालेल्या ‘बायकर्नी’सारख्या महिला चालकांच्या संघटनेने हे देशभर दाखवून दिलं आहे. मात्र पाय कुठे टेकणार ती जागा आधी पाहून थांबावं लागतं. खड्डा, उतार, वाळू दिसली तर चार हात अलीकडेच.

वेग वाढला की गाडी वळवण्याची पद्धतच बदलते, आणि गंमत म्हणजे बहुतेकांना आपण ती वापरतो हे ठाऊक नसतं. ताशी वीसच्या वर डावीकडे वळायचं असेल तर हँडलची डावी मूठ पुढे ढकलावी लागते. म्हणजे हँडल क्षणभर उजवीकडे वळतं, चाकं उजवीकडे निघतात, गाडी डावीकडे कलते आणि मग डावीकडे वळते. सायकलचं दुकान चालवणाऱ्या विल्बर राइटने ही गोष्ट शंभरहून अधिक वर्षांपूर्वी टिपली होती. डझनावारी सायकलस्वारांना विचारूनही कुणी ती पहिल्या फटक्यात अचूक सांगू शकलं नाही, असं त्याचं निरीक्षण होतं. स्प्लेंडरवर अंगाने थोडं झुकलं तरी भागतं. 196 किलोंच्या, पुढे 21 इंची चाक असलेल्या गाडीला नुसत्या झुकण्याने फारसं कळत नाही. अचानक म्हैस आडवी आली तर मूठ जाणीवपूर्वक ढकलता आली पाहिजे. हर्ट यांच्या अभ्यासात नेमकं हेच कौशल्य चालकांमध्ये जवळपास आढळलं नव्हतं. सुपर कॉरिडॉरसारख्या रुंद रस्त्यावर, पहाटे, पन्नासच्या वेगात एकेक मूठ हलकेच ढकलून पाहिली की ते हातात उतरतं.

ब्रेकचंही तसंच. ब्रेक लागला की गाडीचा भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं, त्यामुळे थांबवण्याचं बहुतेक काम पुढचा ब्रेक करतो. ड्रम ब्रेकच्या लहान गाड्यांवर वाढलेल्यांना पुढच्या ब्रेकची भीती असते आणि उजवा पाय आधी धावतो. नव्या गाडीला पुढे 320 मिलिमीटरची डिस्क आहे, आणि एबीएस. भारतात 125 सीसीवरच्या नव्या मॉडेलना एप्रिल 2018 पासून आणि सगळ्यांनाच एप्रिल 2019 पासून एबीएस सक्तीचं झालं. कोरड्या, चांगल्या डांबरावर दोन्ही ब्रेक नीट लागले तर ताशी 60 वरून गाडी साधारण वीस मीटरमध्ये उभी राहते, 100 वरून पंचावन्नच्या आसपास. वेग पावणेदोन पटही झालेला नाही आणि अंतर पावणेतीन पट झालं. त्यात भान यायला लागणारा एक सेकंद धरला तर 100 च्या वेगात आणखी 28 मीटर. एबीएस सुरू झालं की ब्रेकच्या दांड्यात थरथर जाणवते. पहिल्यांदा ती जाणवली की दचकून ब्रेक सुटतो, म्हणून ती थरथर आधी मोकळ्या जागी, तीसच्या वेगात ओळखीची करून घ्यावी.

हे सगळं तपासायची देशातली सर्वांत मोठी जागा इंदूरच्या शेजारीच आहे, हे इंदुरातल्या अनेकांच्या लक्षात नसतं. पीथमपूरच्या नॅट्रॅक्समध्ये 11.3 किलोमीटरचा लंबगोल हायस्पीड ट्रॅक जून 2021 मध्ये खुला झाला. आशियातला हा सर्वांत लांब असा ट्रॅक मानला जातो. ब्रेकिंगच्या चाचण्यांसाठी तिथे वेगळी सोय आहे. सामान्य चालकाला तिथे सरावाला जाता येत नाही. पण पीथमपूरचं इंदूरच्या दुचाकीशी नातं जुनं आहे. पुण्याच्या फिरोदियांची कायनेटिक होंडा इथेच बनायची. 98 सीसीची, बटणावर चालू होणारी, गिअर नसलेली. लोकमान्यनगर आणि रामबागेतल्या मराठी घरांतल्या एका पिढीने, त्यातही मुलींनी, पहिल्यांदा वेग अनुभवला तो या स्कूटरवर. त्यांचीच मुलं आज टूरिंग गाड्या घेत आहेत.

नवी गाडी पहिल्या पाचशे किलोमीटरच्या सर्व्हिसिंगपर्यंत तशीही जोरात पळवायची नसते. इंजिनचे भाग एकमेकांत रुळायचे असतात, ब्रेक पॅड बसायचे असतात, नव्या टायरचा गुळगुळीतपणा जायचा असतो. हे पाचशे किलोमीटर कंटाळवाणे मानले जातात. पण चालक आणि गाडी एकाच वेळी रुळायला याहून सोयीची मुदत कोणती? एकाच वेगात हायवेवर न चालवता वेग कमी-जास्त करत, वळणावळणाच्या रस्त्यांवर चालवणं इंजिनालाही मानवतं.

असा रस्ता इंदूरला लाभला आहे. माळव्याचं पठार समुद्रसपाटीपासून साधारण साडेपाचशे मीटरवर, आणि महूच्या दक्षिणेला ते विंध्याच्या कड्यावरून एकदम निमाडात उतरतं. त्या कड्यावर, महू–मंडलेश्वर रस्त्यावर जाम दरवाजा उभा आहे, अहिल्याबाई होळकरांच्या काळातला, 1791 चा. खाली नर्मदेचं खोरं, पुढे महेश्वर. पावसाळ्यात इथे धुकं आणि भुट्टे भाजणाऱ्यांच्या शेगड्या, दोन्ही असतात, आणि रस्त्यावर शेतातून आलेल्या ट्रॅक्टरच्या चाकांनी पसरवलेली काळी माती. ओली झाली की ही माती टायरच्या खाचा भरून टाकते आणि टायर साबणासारखा होतो. अशा जागी ब्रेक नाही, कलणं नाही, एकसारखी रेस आणि सरळ हँडल. गाडी उभी करतानाही हीच माती दगा देते: साइड स्टँड हळूहळू रुततो आणि चहा घेऊन येईपर्यंत गाडी आडवी. उन्हाळ्यात वितळलेल्या डांबरावरही तेच होतं. स्टँडखाली घालायला एक चपटा लाकडी तुकडा टँक बॅगेत ठेवावा.

घाट उतरताना ब्रेकवर भिस्त ठेवू नये, खालच्या गिअरमध्ये इंजिनाने गाडी धरून ठेवावी. राऊ–खलघाट टप्प्यातला गणपती घाट ज्यांनी पाहिला आहे त्यांना याचं कारण सांगावं लागत नाही. ब्रेक तापून निकामी झालेल्या ट्रकांनी तिथे इतके बळी घेतले की अखेर कमी उताराचा नवा रस्ता काढावा लागला. मोटारसायकलच्या डिस्क एवढ्या लवकर हार मानत नाहीत, पण दोघं जण, सामान आणि लांब उतार असला की तापतात. आणि उतारावर दोन ट्रकांच्या मध्ये कधीही राहू नये.

इंदूरच्या मराठी घरांचा लांबचा प्रवास म्हणजे बहुधा पुणे. खलघाटला नर्मदा, पुढे सेंधवा, बिजासन घाट उतरला की महाराष्ट्र, मग शिरपूर, धुळे, मालेगाव, मनमाड, नगर. सहाशे किलोमीटरच्या आसपास. मागे जोडीदार आणि सामान असेल तर ही तिसरीच गाडी होते आणि ती पुन्हा शिकावी लागते. भार मागच्या चाकाच्या मागे गेला की पुढचं चाक हलकं होतं, हँडल भरकटतं. म्हणून जड सामान बाजूच्या पॅनिअरमध्ये, खाली आणि शक्य तितकं पुढे. वरच्या पेटीत फक्त कपडे आणि रेनकोट. मागचं सस्पेन्शन भारानुसार घट्ट करायचं, हवा कंपनीने दोघांसाठी सांगितलेली भरायची, आणि हेडलाइटचा झोत खाली करायचा, नाहीतर समोरच्यांचे डोळे दिपतात. पॅनिअर हँडलपेक्षा रुंद असतात. सिग्नलला रिक्षांच्या फटीतून घुसायची सवय त्या दिवसापुरती घरी ठेवावी लागते. मागे बसणाऱ्याशी आधीच ठरवून घ्यावं: सांगितल्याशिवाय चढायचं-उतरायचं नाही, वळणावर चालकाच्या खांद्यावरून वळणाच्या आतल्या बाजूला बघायचं.

पण त्याआधीची फेरी जाम दरवाज्याची. पहाटे निघून, एकट्याने, अर्ध्या टाकीवर. तिथे पोचल्यावर दरवाज्याजवळच्या उतारावर चढणीकडे तोंड करून, पहिला गिअर टाकून, चपटा तुकडा स्टँडखाली सरकवून गाडी उभी करायची. परत निघताना त्याच अरुंद, उतरत्या जागेत, बघ्यांच्या गर्दीत, हाफ क्लच आणि मागच्या ब्रेकवर, पाय न टेकवता गाडी पूर्ण वळवता आली, की बिजासन घाटाचा विचार करायला हरकत नाही.